परवा नाही

चेन्नईत कुणी तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं असतं: ‘परवाइल्लै’. ताप चढलेला असो, घरात पाणी शिरलेलं असो, जावई रुसून बसलेला असो, परवाइल्लै. ठीक आहे, चाललंय, फार काही नाही, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, एवढं सगळं त्या एका शब्दात मावतं. तमिळमध्ये मला सगळ्यात आधी आला तो हाच शब्द, आणि पुष्कळ वर्षं मी तेवढ्यावरच भागवलं.

माझी बायको जानकी तंजावरी मराठी घरातली. तिच्या घरी ‘मला’ऐवजी ‘मज’ म्हणतात, चांगल्याला ‘गोमटं’ म्हणतात, आणि हा तमिळ शब्द त्यांनी जसाच्या तसा मराठीत उतरवून घेतलाय: ‘परवा नाही’. आता आमच्या कराडला ‘परवा नाही’ म्हणजे काय, ते सांगायला नको. गेलास उडत.

मुलगी बघायला आम्ही चेन्नईतच, तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की माझी नोकरी चेन्नईबाहेर, पार गुम्मिडिपूंडीला, स्प्रिंगांच्या कारखान्यात. सकाळी अंधारात निघतो, संध्याकाळी अंधारात परततो, बायकोच्या वाट्याला नवरा तसा कमीच येणार. जानकी शांतपणे म्हणाली, “परवा नाही.” माझ्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. पोरगी देखणी आहे, पण आत्तापासूनच नवऱ्याची पर्वा नाही म्हणते, असं ती परतीच्या बसमध्ये म्हणाली. मला वाटलं, इतकी रोखठोक मुलगी पुन्हा मिळायची नाही. दोघांचंही चुकलं होतं, पण लग्न झालं आणि चांगलं टिकलं.

हे आधी सांगून ठेवतोय, कारण पुढे जानकीच्या आजारपणात याच शब्दाला आम्ही दोनदा ठेचकाळलो, आणि दुसऱ्यांदा तर तिचे उपचारच थांबायची वेळ आली. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मला अजूनही नीट उच्चारता येत नाहीत, तेव्हा ती इथे शोधू नका. आजारी माणसाच्या शेजारी स्टूल टाकून जो बसलेला असतो, त्याच्यासाठी हे लिहितोय.

निदान

डॉक्टर तरुण होत्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. स्तनात कॅन्सरची गाठ आहे, आधी ऑपरेशन, मग केमो, वेळेत आलात. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, काही शंका?

मी विचारलं, पार्किंगच्या पावतीवर शिक्का इथे मारतात की खाली?

खाली, त्या म्हणाल्या. बिचाऱ्या हसल्या नाहीत. जानकीनं मान हलवली आणि त्यांनाच धीर दिला, परवाइल्लै डॉक्टर.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, कॉफी घेऊ. कँटीनमध्ये तिनं आपली कॉफी प्यायली, मग माझीही. मी समोर बसून रिकाम्या पेल्यातून डबऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या वाटीत, आणि डबऱ्यातून पेल्यात काहीही न ओतता ओतत होतो, असं ती सांगते. आमची लेक मीना पुण्यात शिकते. तिला परीक्षा झाल्यावरच सांगायचं असं आम्ही ठरवलं. संध्याकाळी तिचा फोन आला. मी म्हणालो, इकडे सगळं अगदी छान आहे. दुसऱ्या दिवशी पोरगी दारात हजर. म्हणाली, बाबा, तुमचा आवाज बातम्या वाचणाऱ्यासारखा येत होता.

अटेंडर

हॉस्पिटलात गेलात की तुमचं नाव जातं. रोग्याबरोबर आलेल्या माणसाला इथे ‘अटेंडर’ म्हणतात. “जानकी अटेंडर!” अशी हाक आली की धावायचं. औषधं आणायला, सही करायला, कुणाच्या तरी चपला वाटेतून सरकवायला. कारखान्यात माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत. इथे मी जानकीचा अटेंडर, आणि खरं सांगायचं तर त्या पदावरही माझी कामगिरी यथातथाच.

ऑपरेशन पार पडलं, मग केमो सुरू झाली. तिच्या प्रत्येक डोसाच्या आधी रक्त तपासतात. एकदा जानकीचं नाव पुकारलं, मी सवयीनं उठलो, खुर्चीत बसलो आणि बाही वर केली. तिथल्या मुलीनं दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, छान शीर आहे म्हणाली. मग तिनं नळीवरचं नाव वाचलं आणि माझ्या मिशांकडे बघितलं. मागे जानकी ओढणीत तोंड खुपसून बसली होती. मी कुठवर जातो ते तिला बघायचं होतं.

डोसाचे दिवस लांबलचक. तिला आरामखुर्ची, मला बिनपाठीचं स्टूल. सलाईनमधून पडणारा प्रत्येक थेंब मी डोळ्यांनी खाली ढकलायचो. मी झोपलो तर तो थांबेल असं वाटायचं. शेजारच्या खुर्चीवर नेल्लोरचे एक गृहस्थ असत. त्यांच्या बायकोनं जानकीला लिंबाचं जुनं, काळं पडलेलं लोणचं दिलं. तोंडाची चव गेलेली असताना तेवढं एकच काय ते जिभेला कळायचं. केस गेल्यावर जानकीला खरं दुःख झालं ते गजरा माळायला जागा उरली नाही याचं. तर एका सिस्टरनं तिच्या डोक्याच्या रुमालालाच जुईचा गजरा पिनेनं लावून दिला. मग दर वेळी लावायला लागली. अशी माणसं भेटतात. त्यांना नाही म्हणू नका.

मी मात्र एक निराळंच व्रत घेतलं होतं. रोग्याला हसरे चेहरे दिसले पाहिजेत, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी इतका हसायचो की सिक्युरिटीवाला मला बघून वाट बदलायचा. घरात शिट्टी वाजवायचो. जानकी ओकून आली की म्हणायचो, वा, आज कालच्यापेक्षा कमी.

आक्का

मीनाला परीक्षेला परत जावं लागलं, म्हणून कराडहून माझी मोठी बहीण आली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. ती बॅगभर ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि घरचं तिखट घेऊन आली. जानकीच्या तोंडात फोड आलेले, त्यामुळे तिखट कपाटातच राहिलं. आक्का रसम करायला शिकली. ते आमटीसारखं व्हायचं, पण जानकी दोन घास खाऊन ‘गोमटं आहे’ म्हणायची. ही हल्ली पोथी वाचते का रे, असं आक्कानं मला हळूच विचारलं.

आणि मग एका दुपारी, मी कामावर असताना, तो शब्द आला. आक्का जानकीचे पाय चेपत होती. बोलता बोलता माझ्याबद्दल म्हणाली, विनू किती वाळलाय गं, गालफडं बसली त्याची, तुझ्या पाठी धावून धावून अर्धा झालाय. जानकीला वाटलं, आक्काला धीर द्यावा. ती म्हणाली, परवा नाही, आक्का.

मी घरी आलो तेव्हा स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, माझं परतीचं तिकीट काढ. मी शब्दाचा अर्थ समजावला, तर म्हणे, तुझ्या शब्दकोशात असेल. शेवटी, इथले लोक कसं बोलतात ते स्वतःच ऐकून ये म्हणत मी तिला खालच्या भाजीवालीकडे धाडलं. आक्का गेली, हातातला टोमॅटो तिच्या हातून निसटून रस्त्यावर फुटला, आणि भाजीवाली हसून म्हणाली, परवाइल्लै मा. आक्का वर आली.

“अरे, इथे सगळेच बेपर्वा आहेत की.”

त्यानंतर ती स्वतःही म्हणायला लागली. कराडला फोनवर भावजयीला ‘इथे परवा नाही’ असं सांगून तिकडेही एक गैरसमज करून ठेवला.

दुसऱ्यांदा

निम्मे डोस झाल्यावर जानकी बदलली. दुखतंय, मळमळतंय असं म्हणेना. मीनाचा पेपर कसा गेला तेही विचारीना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी शिट्टीचा आवाज वाढवला.

एका संध्याकाळी मी म्हणालो, परवा डोस आहे बरं का, लक्षात आहे ना?

डोळे न उघडता ती म्हणाली, “परवा नाही.”

मला हायसं वाटलं. चला, हरकत नाही म्हणते. ऑटोवाल्याला सांगून ठेवलं. डोसाच्या सकाळी पाण्याची बाटली भरली, तिच्या रुमालाला इस्त्री करत होतो. जानकी उठेना. मी म्हणालो, ऊठ, ऑटो येईल.

“मी सांगितलं होतं ना. परवा नाही म्हणून.”

गरम इस्त्री हातात धरून मी उभा. दारात आक्का. तिला माझ्या आधी कळलं. “अगं बाई,” ती म्हणाली, “म्हणजे ते *परवा* नाही होय.”

मी म्हणालो, बरं, मग उद्या? दोन दिवसांनी?

“उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही. मज पुरे झालं.”

डॉक्टरांनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं: मध्येच सोडलं तर आजार उलटायची भीती मोठी. हे जानकीला माहीत होतं. म्हणजे तिच्या त्या दोन शब्दांत आणखी एक, आमच्या कराडचा अर्थही होता, जगण्याचीच पर्वा नसल्याचा, आणि तो मी ऐकलाच नव्हता. मी नेहमीचं केलं. हसलो. म्हणालो, काहीतरीच बोलतेस. तिनं पांघरूण डोक्यावरून घेतलं.

आक्कानं रडून झाल्यावर डोळे पुसले आणि म्हणाली, नको तर नको, पण डॉक्टरीणबाईला तोंडानं सांगून ये. कुणाला वाट बघत ठेवू नये. जानकी एक दिवस गावाला जायची असली तरी दूधवाल्याला सांगून जाणारी बाई. तेवढं तिला पटलं. केमो घ्यायला नव्हे, नाही म्हणायला म्हणून ती ऑटोत बसली.

मोजमाप

डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकल्या होत्या. आम्ही तिघं बाकावर. तेवढ्यात सेल्वी आली. ही नर्सिंग कॉलेजातली संशोधन करणारी मुलगी. आमच्याकडे बघून हसायची, पण मी कधी तावडीत सापडलो नव्हतो. कॅन्सरच्या रोग्याला सांभाळणाऱ्या घरच्या माणसांच्यात किती ‘हे’ असतं ते ती मोजत होती. ‘हे’साठी तिनं वापरलेला तमिळ शब्द मला कळला नाही.

“परत येण्याची ताकद,” जानकीनं मराठीत सांगितलं.

मी सावरून बसलो. हा तर माझा विषय. मी सेल्वीला सांगितलं की आमच्या कारखान्यात हेच करतात: स्प्रिंग दाबायची, सोडायची, आणि ती मूळ उंचीला येते का बघायचं. उंची कमी भरली तर तिनं ‘सेट घेतला’ म्हणतात, आणि बाजूला काढतात. सेल्वीनं नम्रपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, सार, मी एकेक वाक्य वाचते. ते तुमच्या बाबतीत किती खरं आहे तेवढं सांगा: अजिबात नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, की नेहमी.

पहिलं वाक्य: अडचण आली की मी तिच्याशी जुळवून घेतो.

“परवाइल्लै,” मी म्हणालो.

सार, हा पर्याय यात नाही, ती म्हणाली.

मग मी ‘नेहमी’ म्हणालो. आणि एकदा म्हटल्यावर सोपं गेलं. संकटातही माझं डोकं शांत असतं: नेहमी. (घरून निघताना इस्त्री बंद केली की नाही, हे मला त्या क्षणी आठवत नव्हतं.) दुःख झालं तरी मी ते पेलतो: नेहमी. उद्याबद्दल मला भरवसा वाटतो: नेहमी. सेल्वीनं बेरीज केली आणि भुवया उंचावल्या. इतका खंबीर अटेंडर क्वचित भेटतो, म्हणाली, आणि पलीकडच्या बाकाकडे गेली. मी शाबासकीसाठी जानकीकडे वळलो.

ती माझ्याकडेच बघत होती.

“ऐकलंत? म्हणूनच मज नको झालंय.”

म्हणजे काय, मी विचारलं.

“घरात मी एकटीच आजारी. तुम्ही नेहमी खंबीर, आक्का नेहमी खंबीर, मीना फोनवर नेहमी हसते. सगळे धडधाकट. मज एकटीनं आजारी राहायचा कंटाळा आला.”

माझं तोंड आपोआप विनोदासाठी उघडलं. स्प्रिंगबद्दलच काहीतरी होतं. तिनं हात वर केला. “आणि मी स्प्रिंग नाही. तुम्हीही नाही.”

आधी बोलली ती आक्का. खाली फरशीकडे बघत म्हणाली, सकाळी देवापुढे बसते ना मी, तेव्हा जप नाही करत. नुसती बसलेली असते. माळ हातात तशीच, एक मणी पुढे सरकत नाही.

मग माझी पाळी होती, आणि दोघी थांबल्या होत्या.

“जानू, मला भीती वाटते,” मी म्हणालो. “गाडी गुम्मिडिपूंडीला पोचते, सगळे उतरतात, मी बसून राहतो. शेवटचं स्टेशन आहे. झाडूवाला येऊन उठवतो. मी झोपलेला नसतो गं. उतरून पुढे कुठे जायचं ते सुचत नाही.”

“कधीपासून?”

“पार्किंगच्या पावतीपासून.”

जानकीनं सेल्वीला हाक मारली आणि तमिळमध्ये सांगितलं की ह्या उत्तरांत चूक झालीय, पुन्हा विचार. सेल्वी गोंधळली. म्हणाली, अम्मा, उत्तरं अटेंडरनं स्वतः द्यायची असतात, पेशंटनं मध्ये बोलायचं नसतं. जानकी म्हणाली, मी बोलणार नाही, नुसती बघेन.

आणि ती बघत राहिली. तुम्हाला सांगतो, आमच्या कारखान्यातलं कुठलंही यंत्र इतकं अचूक नाही. मी ‘बऱ्याचदा’ म्हणायचो, तिची एक भुवई वर जायची, मी ‘कधीकधी’वर यायचो. भुवई तशीच राहिली की ‘क्वचित’. आक्काला तमिळ कळत नव्हतं, पण भाव पाडणं चाललंय एवढं तिच्या लक्षात आलं, आणि ती मागून ‘अजून उतर, अजून उतर’ करायला लागली. नेल्लोरच्या बाई लोणच्याची बरणी मांडीवर धरून हसत होत्या. एक वाक्य होतं: गरज पडली तर मी दुसऱ्याकडे मदत मागतो. मी जानकीकडे न बघताच म्हणालो, अजिबात नाही. तिनं मान डोलावली, मठ्ठ मुलाचं गणित एकदाचं बरोबर आल्यावर डोलवावी तशी.

नवी बेरीज झाली. सेल्वीचा चेहरा उतरला. तिनं हळूच विचारलं, सार, इथे एक समुपदेशक बसतात, त्यांची वेळ घेऊ का तुमच्यासाठी?

मी हो म्हणालो. माझ्यासारख्या स्टुलावर बसलेल्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. कुणी विचारलं तर हो म्हणा.

एक डोस

डॉक्टर आल्या. जानकी आत गेली आणि तिनं सरळ सांगितलं: आज नाही म्हणायला आले होते. आजचा घेते. पुढच्याचं पुढच्या वेळी सांगेन. डॉक्टर म्हणाल्या, सगळे तसाच घेतात, एकेक. उरलेले तिनं तसेच घेतले, दर वेळी नव्यानं ठरवून, आणि दोनदा माझ्यावर ओरडून. पण मला अजून आठवतो तो त्या दिवशीचा.

सुई लागली. सिस्टरनं रुमालाला गजरा लावला. मी सवयीनं स्टूल ओढलं, तर जानकीनं आक्काला त्यावर बसायला सांगितलं आणि मला म्हणाली, जाऊन पोटभर जेवा. थेंबांकडे कोण बघणार, मी विचारलं. आक्का म्हणाली, ते काय वर जाणारेत?

कँटीनमध्ये मी दहीभात घेतला. सगळा खाल्ला, आणखी मागितला. मग जरा टेबलावर डोकं टेकलं.

पाठीवर हात पडला तेव्हा मी दचकून उठलो. समोर जानकी उभी होती, हातावर बँडेडचा चौकोन, मागे आक्का करवादलेली. सिस्टर तीन-तीनदा ओरडली म्हणे, जानकी अटेंडर, जानकी अटेंडर, आणि आक्का मला उठवायला निघाली तर हिनंच तिचा पदर धरून ठेवला. सगळी बाटली संपेपर्यंत.

मी घाईनं पिशवीला हात घातला. त्यात बाटली, रिपोर्ट, शाल, सगळं. जानकीनं ती ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात घेतली आणि माझा हात पोचणार नाही अशी पलीकडे धरली.

“चला,” ती म्हणाली.

आणि ऑटोपर्यंत ती पिशवी घेऊन पुढे चालली, सावकाश, भिंतीच्या कडेकडेनं, मागून आक्का, आणि सगळ्यात मागे, शर्टाच्या बाहीचा वळ गालावर घेऊन, मी.